व्यवस्थापनशास्त्रातील पीएच.डी. : पायऱ्या, पैसा आणि खबरदारी

आपल्या समाजात तिजारत जुनी आहे. तिजारतीचे शिक्षण मात्र नवे आहे. एका पिढीपूर्वी नागपूरच्या मोमीनपुऱ्यातला किंवा कामठीतला मुलगा शाळा सुटली की वडिलांच्या गादीवर नाही तर मागावर बसत असे. आज त्याच घरांतली मुले बी.कॉम., एम.बी.ए. होत आहेत, आणि मुली त्यांच्याही पुढे आहेत. आता त्यांच्यातले काहीजण घरी विचारू लागले आहेत : "अब्बा, पीएच.डी. करू का?" बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. किती वर्षे लागतात, पैसा किती लागतो, कोणाकडे जायचे, शेवटी हाती काय येते, हे वडीलधाऱ्यांना माहीत नसते. मग मुलगा दलालाकडे जातो. दलाल त्याला तीन वर्षांचे काम तीन महिन्यांत करून देण्याचा वायदा करतो.

म्हणून या अंकात बाजारभाव बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे. नियम सांगू आणि त्या नियमांच्या आतले खरे काम कोणते तेही सांगू.

पीएच.डी. म्हणजे काय?

एम.बी.ए.मध्ये आधीच माहीत असलेले ज्ञान शिकवले जाते. पीएच.डी.मध्ये विद्यार्थ्याने स्वतः एक नवी गोष्ट शोधून ती पुराव्यानिशी सिद्ध करायची असते. ती गोष्ट लहान असली तरी चालते, पण ती आधी कोणी सांगितलेली नसावी आणि दुसऱ्या माणसाने तपासली तर टिकावी. या पदवीचे सार एवढेच आहे.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की पीएच.डी. केल्याने दुकानाची विक्री वाढत नाही. ज्याला अध्यापनात, संशोधनात, सल्लागारीत किंवा धोरण ठरवणाऱ्या संस्थांत जायचे आहे त्याने ही वाट धरावी. नावापुढे 'डॉ.' लागावे, निकाहाच्या पत्रिकेत छापता यावे, एवढ्यासाठी धरू नये. प्राध्यापकीचाही नियम नीट समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केले की सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. मात्र सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या वरच्या पदांसाठी पीएच.डी. लागतेच. म्हणजे केवळ पहिल्या नोकरीची घाई असेल तर आधी नेट-सेटकडे लक्ष द्यावे.

नागपुरात सोय कोठे आहे?

आपल्या शहराचे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्यानुसार तेथे वाणिज्य व व्यवस्थापन अशी एकच विद्याशाखा आहे. विद्यापीठाच्या विभागाशिवाय मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे असलेल्या महाविद्यालयांतूनही काम करता येते. त्यांची यादी विद्यापीठाकडून घ्यावी, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

दुसरी संस्था म्हणजे आयआयएम नागपूर. ती २०१५ साली सुरू झाली आणि मिहानमधील तिच्या कायम परिसराचे उद्घाटन मे २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. पूर्वी आयआयएम संस्थांना पदवी देण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्या या शिक्षणक्रमाला 'फेलो' म्हणत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये तो १९७१ पासून आहे. २०१७ च्या आयआयएम कायद्यानंतर या संस्था पीएच.डी. पदवी देऊ लागल्या. तेथील शिक्षण पूर्णवेळ असते, विद्यावेतन मिळते, पण स्पर्धा देशभराची असते. पुढे दिलेल्या पायऱ्या मुख्यतः विद्यापीठाच्या आहेत. कामाचा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

पहिली पायरी : पात्रता आणि प्रवेश

सध्याचे नियम यूजीसीने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केले. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केली असेल तर थेट अर्ज करता येतो.

त्यानंतर प्रवेश परीक्षा असते. नागपुरात तिला 'पेट' म्हणतात. यूजीसीच्या नियमानुसार अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पात्र ठरण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. अंतिम निवडीत परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. त्यात 'केवळ पीएच.डी.साठी पात्र' असा वेगळा गट आहे आणि ती पात्रता एक वर्ष टिकते. आमचा सल्ला असा की नेट आणि पेट या दोहोंची तयारी एकत्र करावी. अभ्यास बराचसा एकच आहे.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास मात्र यूजीसीची मनाई आहे. हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे कामास येईल.

दुसरी पायरी : मार्गदर्शक

मार्गदर्शकाला सर्वजण 'गाइड' म्हणतात. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा नाव मोठे पाहून जाण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या : जागा रिकामी आहे का, आणि निवृत्ती केव्हा आहे?

तिसरी गोष्ट विचारून कळत नाही, ती त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळते. गाइड मजकूर वाचतात का? सहा महिने सही अडवून ठेवतात का? घरची कामे सांगतात का? मुलीचे स्थळ पाहताना आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या निम्मी तरी येथे करावी. हा संबंधही पाच-सहा वर्षांचा असतो.

गाइड आणि विद्यार्थी यांचे मत एकच असले पाहिजे असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातले सगळे निष्कर्ष मान्य नव्हते. तरी त्यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. चांगल्या गाइडची हीच ओळख. मत पटले नाही तरी मांडणी कसाला उतरली की ते सही करतात.

तिसरी पायरी : कोर्सवर्क

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते. त्यात संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, विषयाचा अभ्यास आणि संशोधनातील नीतिमत्ता असे भाग येतात. किमान ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना येथे इंग्रजीची भीती वाटते. आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो, त्यामुळे ही भीती आम्हाला ठाऊक आहे. पण अनुभव असा की इंग्रजी सहा महिन्यांत सुधारते. संख्याशास्त्राचा पाया कच्चा असेल तर तो शेवटपर्यंत त्रास देतो. शिकवणी लावायचीच असेल तर संख्याशास्त्राची लावावी.

चौथी पायरी : विषय

आमच्या मते सर्वात कठीण पायरी हीच आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तिलाच सर्वात कमी वेळ देतात. 'नागपूरच्या कापड व्यवसायाच्या समस्या : एक अभ्यास' असा विषय घेतला की काम सोपे वाटते. पण त्यातून काही निघत नाही. समस्या सर्वांना माहीत आहेत. शेवटी 'शासनाने कर्ज द्यावे, व्यापाऱ्यांनी आधुनिक व्हावे' असे लिहून प्रबंध कपाटात जातो.

विषय म्हणजे एक सवाल असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आधीच माहीत नसले पाहिजे. आपल्याच बाजारातले एक उदाहरण घेऊ.

२०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. नाही दिले तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरली जाणार नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरली जाईल, असा तो नियम. गांधीबाग आणि इतवारीच्या ठोक बाजारात त्यावर मोठी चर्चा झाली, कारण आपल्या धंद्यात उधारी महिनोन् महिने चालते. पण या नियमात एक बारकावा होता. माल तयार करणाऱ्या लहान उद्योगाला त्याचे संरक्षण मिळाले. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मिळाले नाही. म्हणजे एकाच चिल्लर दुकानदाराची दोन देणी असतील, एक पॉवरलूमवाल्याचे आणि एक ठोक व्यापाऱ्याचे, तर पहिले वेळेवर देण्याची त्याला सक्ती आणि दुसऱ्याला नाही.

येथे खरा सवाल उभा राहतो : नियम आल्यावर दुकानदारांनी उत्पादकाचे पैसे लवकर देऊन त्याचा भार ठोक व्यापाऱ्याच्या उधारीवर टाकला काय? याचे उत्तर बसल्या जागी देता येत नाही. ते खातेवह्यांतून काढावे लागते. उत्तर 'होय' निघाले तरी उपयोगाचे, 'नाही' निघाले तरी उपयोगाचे. पीएच.डी.चा विषय असा असावा.

असे विषय आपल्या गल्लीत पडलेले आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कापडावर कर बसला. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या लहान विक्रेत्यांचे काय झाले? हातमाग सोडून पॉवरलूमवर गेलेल्या आणि पुढे तेही सोडलेल्या कुटुंबांनी भांडवल कोठे नेले? व्याज टाळणारा व्यापारी खेळते भांडवल कसे उभे करतो? या प्रश्नांवर परक्या माणसाने पाहणी केली तर त्याला चहा मिळेल, खरी वही दिसणार नाही. ती वही आपल्याच घरातल्या मुलामुलींना दिसते. त्यांनी हे लिहिले नाही तर या बाजाराची माहिती आमच्या वयाच्या लोकांबरोबर जाईल.

मोठ्या संस्था अशा विषयांना तुच्छ मानतात असेही नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामावर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली पाठ तयार केला आणि तो वर्गात शिकवला. आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली. तेव्हा 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हा शब्दही नव्हता. व्यवहार आधी घडतो, शास्त्र मागून येते.

विषय ठरवण्यापूर्वी 'शोधगंगा' पाहावी. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध या संग्रहात इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या विषयाच्या जवळचे निदान तीन प्रबंध अखेरपर्यंत वाचावेत. त्यांत काय सापडले हे लिहावे, आणि काय विचारलेच नाही तेही लिहावे. आपला विषय त्या दुसऱ्या यादीत असतो.

पाचवी पायरी : आराखडा

विषयाचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस. त्यात प्रश्न, आधीच्या अभ्यासांचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, माहिती गोळा करण्याची रीत आणि प्रकरणांची योजना असते. नागपुरात तो 'आरआरसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीपुढे मांडावा लागतो. समिती विषय अरुंद करायला सांगते, शीर्षक बदलायला सांगते. मुले नाराज होतात. नाराज होऊ नये. तीन जिल्ह्यांऐवजी एक बाजार घ्यायला सांगितले तर समितीने तुमची दोन वर्षे वाचवली असे समजावे.

गृहीतक म्हणजे आपले मत नव्हे. ते तपासासाठी मांडलेले विधान असते आणि ते खोटे ठरू शकेल अशा शब्दांत लिहावे लागते. 'नियमानंतर ठोक व्यापाऱ्याच्या उधारीच्या सरासरी दिवसांत फरक पडला नाही', असे विधान मांडायचे आणि आकड्यांनी ते टिकते की पडते ते पाहायचे.

यानंतर दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे जाऊन प्रगती सांगावी लागते. दुकानाच्या तिमाही हिशेबासारखाच हा प्रकार आहे.

सहावी पायरी : माहिती गोळा करणे

किती दुकानदारांना विचारायचे? ओळखीच्या तीस जणांना विचारून चालत नाही. समजा बाजारात ठोक कापडाची १,००० दुकाने आहेत. हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालेल असे धरले तर एक सोपे सूत्र आहे : ०.०५ चा वर्ग ०.००२५, त्याला १,००० ने गुणले की २.५, त्यात १ मिळवला की ३.५, आणि १,००० ला ३.५ ने भागले की सुमारे २८६. एवढी दुकाने यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडायची. आपल्या बिरादरीची, आपल्या लाइनीतली, आपल्याशी हसून बोलणारी, अशी निवडायची नाहीत. तसे केले तर उत्तर बाजाराचे न येता आपल्या दोस्तांचे येते.

प्रश्नावली हे दुसरे कठीण काम. 'नव्या नियमामुळे तुम्हाला त्रास झाला का?' असे विचारले की प्रत्येक व्यापारी 'हो' म्हणणार. या प्रश्नातच उत्तर भरलेले आहे. 'तुमची उधारी किती?' असे विचारले की कोणी खरे सांगणार नाही. त्याऐवजी असे विचारावे : 'दिवाळीच्या आधी दिलेल्या मालाचे शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले?' रक्कम न सांगता दिवस सांगायला व्यापाऱ्याची हरकत नसते. आधी वीस-पंचवीस जणांवर प्रश्नावली आजमावून पाहावी, जो प्रश्न अडतो तो बदलावा. एकाच गोष्टीचे माप घेणारे अनेक प्रश्न असतील तर त्यांची उत्तरे आपसात जुळतात का हे क्रॉनबॅक अल्फा या मापाने तपासतात. ते साधारण ०.७ किंवा अधिक असावे असा प्रघात आहे.

दुकानदाराने आपल्याला दाखवलेली वही ही अमानत आहे. नाव प्रबंधात येता कामा नये, आणि आपल्या वडिलांच्या कानावरही जाता कामा नये, मग तो दुकानदार त्यांचा प्रतिस्पर्धी असो की व्याही. हा विश्वास एकदा मोडला तर पुढच्या विद्यार्थ्यालाही कोणी वही दाखवणार नाही.

सातवी पायरी : लेखन आणि प्रामाणिकपणा

आकडेमोड संगणकावर होते. पण कोणती चाचणी का लावली हे विद्यार्थ्याला स्वतः सांगता आले पाहिजे. बाहेरच्या माणसाकडून तक्ते करून घेतले तर तोंडी परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडे पडते.

दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देणे याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम कडक आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत सुधारून द्यावे लागते, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते.

आम्हा मुसलमानांना ही शिस्त नवी नाही. हदीसच्या विद्वानांनी इस्नादची रीत घातली : कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, ही साखळी दिल्याशिवाय गोष्ट स्वीकारायची नाही. प्रबंधातील संदर्भ म्हणजे तीच रीत. आणि इमाम अबू हनीफा (रह.) हे आपल्याच धंद्यातले, कूफ्याचे कापड व्यापारी. त्यांच्याविषयी सांगतात की भागीदाराने दोष असलेले एक कापड गिऱ्हाइकाला न सांगता विकले, तेव्हा त्यांनी त्या सौद्याची सगळी रक्कम दान केली. संशोधनातही मालाचा दोष सांगायचा असतो. माझा नमुना एकाच बाजाराचा आहे, इतके दुकानदार बोलले नाहीत, अमुक वर्षाचे आकडे मिळाले नाहीत, हे स्वच्छ लिहावे. त्याने प्रबंधाची किंमत घटत नाही.

आठवी पायरी : सादरीकरण, परीक्षक, तोंडी परीक्षा

प्रबंध देण्यापूर्वी सल्लागार समितीपुढे सर्वांसमक्ष सादरीकरण होते. सूचना आल्या तर त्या घालून मग प्रबंध दिला जातो. तो गाइडकडे आणि विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. दोघांनी अनुकूल मत दिले की तोंडी परीक्षा. एकाने नाकारले तर तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत हे सर्व आटोपावे असे यूजीसीचे म्हणणे आहे. २०२२ च्या नियमांनी आधी शोधनिबंध छापून आणण्याची देशव्यापी सक्ती काढली. तरी आपल्या विद्यापीठाची अट विचारून घ्यावी, आणि एखादा निबंध चांगल्या नियतकालिकात आला तर ते केव्हाही हिताचेच.

परीक्षकाने दुरुस्ती सांगितली म्हणजे अपयश आले असे घरच्यांनी समजू नये. बाबासाहेबांनी लंडनला प्रबंध १९२२ मध्ये दिला. परीक्षकांनी तो नव्याने लिहायला सांगितला. त्यांनी सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एससी. मिळाली. कोलंबिया विद्यापीठाची त्यांची पीएच.डी. तर, प्रबंधाचे पुस्तक १९२५ मध्ये निघाल्यानंतर, १९२७ साली हाती आली. एवढ्या मोठ्या विद्वानालाही हा फेरा चुकला नाही.

वेळ आणि पैसा

किमान तीन वर्षे, कमाल सहा वर्षे, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन, अशी मुदत आहे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळतात, म्हणजे एकूण दहा. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. मुलीचे लग्न ठरले म्हणून तिची नोंदणी सोडवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. नियमाने जी मुदत मुलीला दिली आहे ती बापाने आणि सासऱ्याने काढून घेऊ नये. निकाहाच्या बोलणीतच हा विषय काढावा. मेहेरची बोलणी होते तशीच ही व्हावी.

पैशाची बाजू अशी. मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००९ पासून अल्पसंख्याक संशोधकांचा मोठा आधार होती. केंद्राने २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. तेव्हा इतर दारे पाहावीत. नेटमध्ये जेआरएफ मिळाल्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. दिल्लीची आयसीएसएसआर ही संस्था समाजशास्त्रे आणि व्यवस्थापनातील संशोधनाला मदत करते. तिसरे दार आपल्याच शहरात आहे आणि तेच आपल्या लोकांना कमी माहीत आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या 'महाज्योती' संस्थेचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे आणि ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. मोमीन, जुलाहा अशा ज्या मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या मुलांना तेथे अर्ज करता येतो. त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावपळ केली तर मुदत निघून जाते. शिवाय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिच्या योजनांवरही नजर ठेवावी.

नकली मालापासून सावध

आता दलालांविषयी. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने एका एजंटाला पैसे भरून परदेशी नावाची 'ऑनलाइन डॉक्टरेट' घेतली. हॉटेलात समारंभ झाला, गाऊन घालून फोटो निघाले, मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. पुढे एका महाविद्यालयात मुलाखतीला गेला तेव्हा कागद पाहून त्याला परत पाठवले. पैसा गेला, दोन वर्षे गेली, आणि बापाची मान खाली गेली.

यूजीसी आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला की खासगी कंपन्या परदेशी संस्थांच्या सहकार्याने देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते. त्या यादीत महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे एक नाव येत राहिले, ते नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे. नावात 'अरेबिक' किंवा 'इस्लामिक' आहे म्हणून आपले लोक भरवसा ठेवतात. भरवसा नावावर नको, मान्यतेवर हवा. कापड घेताना आपण थान उलगडून दोन्ही बाजूंनी पाहतो. येथेही तेच करावे. पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात :

१. विद्यापीठ यूजीसीच्या मान्य यादीत आहे काय?

२. प्रवेश परीक्षा किंवा नेट, मुलाखत आणि कोर्सवर्क आहे काय? नसेल तर तेथून उठावे.

३. मार्गदर्शक त्या विद्यापीठाचा किंवा त्याच्या मान्य केंद्राचा नियमित शिक्षक आहे काय?

४. पावती विद्यापीठाच्या नावाने मिळते काय? एजंटाच्या खात्यावर एक रुपयाही भरू नये. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

शेवटी पालकांना

पीएच.डी. करणारा मुलगा किंवा मुलगी पहिली दोन वर्षे काहीच करीत नाही असे घरच्यांना वाटते. ती वाचनाची आणि शोधाची वर्षे असतात. त्या काळात रोज 'झाली का?' असे विचारू नये. दुकानात बसवायचेच असेल तर तास ठरवून बसवावे, आणि लग्नसराईत आणि रमजानच्या गर्दीत परीक्षेची तारीख येत नाही ना हे आधी पाहावे. गाइडला भेटायचा दिवस आला की गल्ल्यावर दुसरा माणूस बसवावा.

ज्यांच्या घरात एम.बी.ए. किंवा एम.कॉम. झालेली मुले आहेत आणि हा विचार चालू आहे, त्यांनी पेटची जाहिरात येण्याची वाट पाहत बसू नये. या महिन्यात तीन कामे करता येतात : शोधगंगेवरचे तीन प्रबंध वाचणे, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले तयार ठेवणे, आणि आपल्या बाजारात एक आठवडा वही-पेन घेऊन बसून एक असा सवाल लिहून काढणे की ज्याचे उत्तर बाजारातल्या कोणालाच नक्की माहीत नाही. असा सवाल सापडला तर अर्ज करावा. नाही सापडला तर आणखी एक वर्ष बाजारात घालवावे, त्यात नुकसान नाही.